सकाळी ठसठशीत, दुपारी फिकट : लेझर कोरीवकामातील नेहमीची तक्रार

लेझर यंत्र नव्याने घेतलेल्या कारागिराची तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते : काल याच सेटिंगवर काम उत्तम उतरले होते, आज तेच फिकट येत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता स्मृतिचिन्हे, दारावरच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि लग्नातील भेटवस्तू यांची कामे घेणारी लहान दुकाने दिसतात, आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी यंत्र आधी आले व त्याची समज नंतर आली, हे मी स्वतःच्या दुकानावरूनच सांगतो. काम फिकट दिसले की हात आपोआप पॉवरच्या आकड्याकडे जातो. माझे म्हणणे असे आहे की त्या आकड्याला हात सर्वांत शेवटी लावावा, कारण दोषाचे मूळ तिथे क्वचितच असते. ते पाण्यात, आरशावर, फोकसमध्ये किंवा खुद्द लाकडात असते, आणि पॉवर वाढवली की मूळ दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही.

ही गोष्ट मी फुकट शिकलो नाही. एका एप्रिलमध्ये एका निवृत्ती समारंभासाठी सागवानी फळीवरची ६० स्मृतिचिन्हे करायची होती. यंत्र ४० वॅटचे सीओटू होते, म्हणजे कार्बन डायऑक्साइड भरलेल्या काचेच्या ट्यूबमधून किरण काढणारे, आणि ती ट्यूब थंड ठेवण्यासाठी १५ लिटरची बादली व तिच्यात सोडलेला छोटा पंप एवढीच सोय होती. सकाळी नऊला काम सुरू केले तेव्हा ‘कृतज्ञतापूर्वक’ या शब्दातील ‘कृ’ची बारीक शेपटी आणि ‘ज्ञ’ची गाठसुद्धा काळीभोर, स्वच्छ उतरत होती. दुपारी एकच्या सुमारास तोच शब्द तांबूस दिसू लागला. मी पॉवर पन्नास टक्क्यांवरून साठ केली, तासाभराने सत्तर केली. पत्र्याच्या छपराखाली खोली चाळीस अंशांच्या पुढे गेली होती, बादलीत हात घातला तर पाणी अंघोळीच्या पाण्यासारखे लागत होते, तरी माझे लक्ष आकड्यावरच खिळलेले होते. बेचाळीस फळ्या झाल्यावर किरण क्षीण होत होत थांबला, आणि ट्यूब निकामी झाल्याचे संध्याकाळी कळले. उरलेल्या अठरा फळ्या दुसऱ्या गावाहून करून आणाव्या लागल्या आणि त्या कामात नफा तर सोडाच, पदरचे पैसे गेले.

आधी एकच प्रश्न : वेळेप्रमाणे की जागेप्रमाणे?

तेव्हापासून कोणतीही तक्रार आली की मी प्रथम एकच चाचणी घेतो. तीन मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) एका सपाट तुकड्यावर, बेडच्या, म्हणजे वस्तू ठेवायच्या सपाट तळाच्या, चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी, एकाच सेटिंगवर दहा मिलिमीटरचे पाच भरीव चौकोन कोरावेत. त्यानंतर तासभर नेहमीचे काम करावे आणि तोच तुकडा त्याच जागी ठेवून, पहिल्या चौकोनांच्या शेजारी आणखी पाच चौकोन कोरावेत. दुसऱ्या फेरीत पाचही चौकोन सारखेच फिके झाले असतील, तर दोष वेळेप्रमाणे वाढणारा आहे, म्हणजे पाणी, वीज किंवा ट्यूब यांच्याशी त्याचा संबंध आहे. दोन्ही फेऱ्यांत एकच कोपरा किंवा एकच बाजू फिकी असेल, तर दोष जागेचा आहे, म्हणजे बेडची पातळी किंवा आरशांची जुळणी पाहावी लागेल. दहाही चौकोन एकसारखे आले आणि तरीही ग्राहकाच्या वस्तूवर काम बिघडत असेल, तर यंत्र निर्दोष असून वस्तूच वेगळी आहे.

याच तुकड्याकडे घड्याळजीच्या भिंगातून पाहिले तर आणखी एक खूण मिळते. रेघ बारीक आहे पण रंग फिका आहे, याचा अर्थ ऊर्जा कमी पोहोचत आहे. रेघ जाड, पसरट आणि कडांना धूसर आहे, याचा अर्थ ऊर्जा पुरेशी असूनही फोकस सुटलेला आहे. नुसत्या डोळ्यांना ही दोन्ही कामे सारखीच ‘फिकट’ दिसतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दोष वेळेप्रमाणे असेल तर : पाणी आणि वीज

सीओटू ट्यूबला दिलेल्या विजेचा थोडाच भाग किरणात बदलतो. उरलेल्या मोठ्या भागाची उष्णता होते आणि ती पाण्यानेच बाहेर काढावी लागते. पाणी साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. मी स्वतः ते १८ ते २२ मध्ये ठेवतो. पाणी पंचविशीच्या वर गेले की किरणाची ताकद उतरू लागते, आणि तिशीच्या पुढे ट्यूबचे आयुष्यही झपाट्याने घटते. आता हा हिशेब खानदेशाच्या उन्हाळ्याशी जुळवून पाहावा. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जाणे ही बातमी राहिलेली नाही, त्यामुळे थंड गावच्या दुकानात जी बादली चालून जाते ती आपल्याकडे जेवणाच्या सुट्टीपर्यंतसुद्धा टिकत नाही.

इथे खरेदी करताना एक फसगत नेहमी होते. बाजारात ‘सीडब्ल्यू-३०००’ या नावाने मिळणारे स्वस्त यंत्र चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, म्हणून विकले जाते, परंतु त्यात कॉम्प्रेसर नसतो. मोटारीच्या रेडिएटरसारखी जाळी आणि पंखा एवढेच त्यात असते. अशा यंत्राला पाण्याचे तापमान खोलीच्या तापमानाखाली नेता येत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर पाणी ४० च्या खाली येणारच नाही, मग पंखा कितीही जोरात फिरो. ‘सीडब्ल्यू-५०००’ आणि ‘५२००’ या यंत्रांत फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो आणि आपल्या भागात तोच प्रकार घेण्याजोगा आहे. तेवढा खर्च लगेच झेपत नसेल, तर मोठी थर्माकोलची पेटी, अधिक पाणी आणि त्यात आळीपाळीने सोडलेल्या गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या यांवर मी एक उन्हाळा काढला आहे. मात्र कामे पहाटे पाच ते सकाळी दहा या वेळेतच घ्यावी लागली, आणि तापलेल्या ट्यूबमध्ये एकदम बर्फाचे पाणी सोडण्याचा मोह टाळावा लागला, कारण काचेला तो धक्का सोसत नाही. पाण्यात बुडणारा साधा डिजिटल तापमापक अगदी थोड्या पैशांत मिळतो. तो पॉवरच्या आकड्याच्या शेजारीच चिकटवून ठेवावा.

पाणी कोणते, हाही प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. बोअरच्या जड पाण्याने चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच थर ट्यूबच्या आत बसतो आणि उष्णता अडवून धरतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटरच वापरावे, आणि पाण्यावर हिरवट झाक दिसली की ते बदलावे. पाणी भरल्यानंतर ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, हे टॉर्च लावून पाहावे. बुडबुडा असलेल्या जागी काच तापते आणि तडकते. पाणी बाहेर पडण्याचे तोंड वरच्या बाजूला ठेवून, यंत्र एका बाजूने किंचित उचलले की बुडबुडा सहसा निघून जातो.

पावसाळ्यात याच्या उलट तक्रार येते. आषाढातील दमट हवेत चिलर १६-१७ अंशांवर लावून ठेवला तर थंड पाण्याच्या ग्लासाला जसा बाहेरून घाम सुटतो तसा ट्यूबला सुटतो, आणि त्या ओलसरपणातून उच्च दाबाची वीज भलत्याच मार्गाने जाऊ शकते. त्या दिवसांत पाणी २४-२५ वर ठेवले तरी चालते.

ट्यूबमधून किती विद्युतप्रवाह जातो हे मिलिअँपिअरमध्ये दाखवणारा काटा यंत्रावर नसेल तर तो जाणकाराकडून बसवून घ्यावा. ‘४० वॅट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ७०० मिलिमीटर लांबीच्या ट्यूबची खरी ताकद बहुधा तीस-पस्तीस वॅटच असते, आणि तिला १५-१६ मिलिअँपिअरच्या वर सतत चालवणे म्हणजे तिचे आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणे होय. माझ्या त्या एप्रिलमधील दिवशी काटा असता तर मी सत्तर टक्क्यांपर्यंत गेलो नसतो.

पाणी योग्य असूनही ठरावीक वेळेला काम फिके पडत असेल, तर व्होल्टेज मोजावे. ज्या वेळेत शिवारातील पंप एकदम सुरू होतात त्या वेळेत गावातील दाब किती खाली येतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, पण दुकानदाराच्या ते लक्षात येत नाही. चांगला स्टॅबिलायझर हा त्यावर उपाय आहे. अर्थिंगच्या बाबतीत मात्र चालढकल करू नये. या ट्यूबला पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब लागतो आणि शेजारून पाणी वाहत असते. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, तिच्यातील ओल गेली की अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो, म्हणून मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून दोन-तीन वेळा पाणी घालावे. यंत्र बंद केल्यानंतरही वीजपुरवठ्याच्या डब्यात दाब शिल्लक राहू शकतो, त्यामुळे तो डबा स्वतः उघडू नये.

निळ्या किरणाचे डायोड यंत्र वापरणाऱ्यांना पाण्याची कटकट नाही, परंतु उष्णतेपासून त्यांचीही सुटका नाही. डायोडचे हेड (किरण सोडणारा सरकता भाग) तापले की प्रकाश कमी होतो आणि आयुष्यही घटते. त्यांच्या तक्रारींचे दुसरे कारण जाहिरातीतच असते. ‘४० वॅट’ असे ठळक छापलेल्या काही हेडमध्ये तो आकडा आत जाणाऱ्या विजेचा असतो आणि बाहेर पडणारा प्रकाश पाच-सहा वॅटच असतो, त्यामुळे खरेदीपूर्वी ‘ऑप्टिकल आउटपुट किती’ एवढेच विचारावे.

दोष जागेप्रमाणे असेल तर : बेड, आरसे, लेन्स

बेडची पातळी पाहणे सोपे आहे, म्हणून ते आधी करावे. पन्नास मिलिमीटरच्या, म्हणजे दोन इंची लेन्सला खालीवर एक-दोन मिलिमीटरची सूट असते, त्याहून जास्त नाही. फळी वाकलेली असेल तर मधोमध काम धूसर होते आणि कडांना चांगले येते. खरा फोकस शोधण्यासाठी पुस्तिकेतील आकड्यावर विसंबू नये. फळीचा एक लांब तुकडा एका टोकाला उंच करून उतरता ठेवावा, त्यावर उतारावरून एक सरळ रेघ मारावी, आणि रेघ जिथे सर्वांत बारीक असेल त्या जागेपासून नोझलपर्यंतचे अंतर मोजावे. त्या उंचीचा अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा कापून यंत्राला दोरीने बांधून ठेवावा. माझा ठोकळा तीन वर्षे टिकला आहे आणि आजवर कोणत्याही ग्राहकाच्या खिशात गेलेला नाही, याचे श्रेय त्या दोरीला आहे.

लेन्स स्वच्छ केल्यानंतरच जर काम बिघडले असेल, तर ती उलटी बसली आहे का हे पाहावे. फुगीर बाजू वर असावी लागते. ही चूक हास्यास्पद वाटते, पण माझ्याकडे आलेल्या तक्रारींमध्ये ती पुन्हा पुन्हा निघाली आहे. लेन्स झिंक सेलेनाइडची असते, तिला ओरखडा लवकर पडतो आणि ती फुटल्यास तिचा भुगा विषारी असतो, म्हणून पुसताना लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, न दाबता, एकाच दिशेने पुसावी. कार्तिकापासून कापसाचा हंगाम सुरू झाला आणि दुकान जिनिंगच्या जवळ असेल, तर हवेतील तंतू आरशावर बसून तिथेच जळतात व काळा ठिपका पाडतात. त्या दिवसांत मी आरसे रोज पाहतो, एरवी आठवड्यातून एकदा.

आरशांची जुळणी म्हटली की नवीन माणूस घाबरतो, पण तत्त्व एकच आहे : जवळ आणि दूर पडलेला ठिपका एकाच जागी पडला पाहिजे. दुसऱ्या आरशावर कागदी चिकटपट्टी लावावी, हेड ज्यावर सरकते तो आडवा दांडा यंत्राच्या मागच्या टोकाला नेऊन क्षणभर किरण सोडावा, मग पुढच्या टोकाला आणून पुन्हा सोडावा. दोन ठिपके वेगवेगळ्या जागी पडले तर पहिल्या आरशाचे स्क्रू फिरवून ते एकावर एक आणावेत. त्यानंतर हेडवरच्या तिसऱ्या आरशासमोर पट्टी लावून डाव्या व उजव्या टोकाला हेच करावे, आणि या वेळी स्क्रू दुसऱ्या आरशाचे फिरवावेत. ठिपके एकत्र आले पण मध्यभागी नसतील, तर स्क्रूला हात न लावता आरशाचा आधार सरकवावा, नाहीतर जुळलेली गोष्ट पुन्हा विसकटते. या सर्व वेळी हात किरणाच्या वाटेत येऊ देऊ नये आणि झाकण उघडे ठेवून कोणालाही जवळ उभे करू नये. सीओटूचा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भीतीही वाटत नाही. डायोडचा निळा किरण दिसतो आणि त्याचे परावर्तनही डोळ्याला इजा करते. उन्हाचे काळे चष्मे दोन्ही ठिकाणी निरुपयोगी आहेत, ज्या तरंगलांबीचे यंत्र त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घ्यावा लागतो.

दोष अक्षरांत दिसत असेल तर

देवनागरीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला काही वेगळ्या अडचणी येतात, आणि त्यांची उत्तरे इंग्रजी अक्षरांवर शिकवणाऱ्यांकडे सहसा मिळत नाहीत. शब्दाच्या शिरोरेषेत मध्येमध्ये पांढऱ्या फटी पडतात, ही त्यांतील सर्वांत जुनी. अक्षरे आउटलाइनमध्ये बदलली की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, आणि दोन आकार एकमेकांवर आले की भराव करताना सॉफ्टवेअर तो सामाईक भाग रिकामा धरते. यंत्राचा यात काहीच दोष नसतो. लाइटबर्न किंवा कोरलड्रॉमध्ये ‘वेल्ड’, इंकस्केपमध्ये ‘युनियन’ ही क्रिया करून शब्दाचा एकच आकार बनवला की फटी नाहीशा होतात. त्यानंतर ‘र्य’, ‘क्ष’, ‘त्र’ यांची पोकळी बुजलेली नाही ना, हे तेवढे पडद्यावर मोठे करून पाहावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर ग्राहकाने पाठवला असेल तर तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणे, डोकेफोड करत बसण्यापेक्षा कमी वेळ घेते.

काना, मात्रा आणि दंड यांच्या कडा करवतीसारख्या किंवा दुहेरी दिसत असतील, पण शिरोरेषा अगदी सरळ असेल, तर हेड डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाताना एकाच जागी किरण सुरू करत नाही, असे समजावे. पट्टा सैल असल्यास तो प्रथम ताणावा, आणि मग सॉफ्टवेअरमधील स्कॅनिंग ऑफसेट, म्हणजे दोन्ही दिशांमधला हा फरक भरून काढणारा आकडा, त्या वेगासाठी लावावा. वेग बदलला की हा आकडाही बदलतो. उलट, शिरोरेषेतच आडव्या बारीक पट्ट्या दिसत असतील तर ओळींमधले अंतर जास्त आहे. ०.१ मिलिमीटर अंतर म्हणजे इंचाला २५४ ओळी, आणि बहुतेक लाकडाला तेवढे पुरते. अक्षरांच्या दोन्ही टोकांना काळपट डाग पडत असतील तर हेड वळताना वेग कमी होऊनही किरण चालूच राहतो, म्हणून ओव्हरस्कॅन, म्हणजे कडेच्या पलीकडे हेडने जास्तीचे जाण्याचे अंतर, वाढवावा.

सागवानावर कोरल्यावर आजूबाजूला पिवळट धुराचा डाग बसतो, त्यावर कागदी मास्किंग टेप हा उपाय सर्वांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की धूर ओढणारा पंखा बहुधा यंत्राच्या मागे असतो, त्यामुळे काम मागून पुढे केले तर धूर तयार झालेल्या अक्षरांवरून जातो. सॉफ्टवेअरमध्ये दिशा बदलून पुढून मागे काम केले की धूर अजून न कोरलेल्या भागावरून जातो आणि तिथला डाग किरणच जाळून टाकतो.

यंत्र निर्दोष असेल तर : वस्तू

सागवान तेलकट असतो आणि त्याच्या वर्षवलयांतील मऊ भाग कठीण भागापेक्षा खोल जळतो, म्हणून त्यावर पट्ट्या दिसणे हा लाकडाचा स्वभाव आहे. आंबा आणि कडुनिंब यांवर रंग चांगला उमटतो. शिसम आधीच गडद असल्याने तिथे काळेपणाच्या मागे न लागता खोली वाढवावी. प्लायवुडमध्ये आतील पोकळी आणि गोंद यांमुळे एका फुटावर काम वेगळे आणि दुसऱ्या फुटावर वेगळे येते. पाण्यात टिकणारे गडद गोंदाचे प्लाय कापायला तर मुळीच घेऊ नये. एमडीएफ सरळ आहे, पण पावसाळ्यात ओल धरतो, त्यामुळे श्रावणात त्याच शीटवर चैत्रातले आकडे चालत नाहीत. शीट उभी टेकवून न ठेवता आडवी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी.

अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत ‘कास्ट’ (साच्यात ओतलेली) आणि ‘एक्स्ट्रुडेड’ (यंत्रातून दाबून काढलेली) हा फरक दुकानदाराला विचारूनच शीट घ्यावी. कास्ट शीटवर कोरीव भाग दुधाळ पांढरा येतो. एक्स्ट्रुडेड शीट वितळते आणि अक्षर पारदर्शकच राहते, मग पॉवर कितीही बदलली तरी उपयोग होत नाही. कापलेल्या कडा अल्कोहोलने पुसू नयेत, त्यांना बारीक तडे जातात; साबणाचे पाणी पुरेसे आहे. डायोडवाल्यांनी पारदर्शक किंवा निळ्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या मागे वेळ घालवू नये, कारण तो प्रकाश त्यातून आरपार निघून जातो.

काच सीओटूने कोरली जाते, पण ती जळत नसून तिचे सूक्ष्म टवके उडतात. ओला टिश्यू पेपर सुरकुती न पाडता चिकटवून, कमी पॉवरवर काम केले की पांढरेपणा एकसारखा येतो. काळा ग्रॅनाइट सुंदर उतरतो. पांढऱ्या संगमरवरावर अक्षर दिसतच नाही आणि नंतर रंग भरावा लागतो.

धातूबद्दल स्पष्टच सांगितले पाहिजे. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत घरोघर आहे, आणि जळगावला तर सुवर्णनगरी म्हणतात, त्यामुळे दुकान उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात कोणीतरी डबा, चांदीचा करंडा किंवा पितळी समई घेऊन येतेच. सीओटूचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा किरण उघड्या धातूवरून बहुतांशी परत फिरतो. अ‍ॅनोडाइज केलेल्या रंगीत अ‍ॅल्युमिनियमचा रंग तो उडवू शकतो, आणि मॉलिब्डेनमयुक्त स्प्रे मारून स्टीलवर काळी खूण पक्की करता येते. बाकी सोने, चांदी, पितळ यांसाठी १०६४ नॅनोमीटरचे फायबर लेझरच लागते. पॉवर वाढवून पितळेवर प्रयत्न करणे म्हणजे किरण यंत्रातच कुठेतरी परतवणे होय. ग्राहकाला नाही म्हणावे.

रेक्झिनला तर दारातूनच परत पाठवावे. डायरीची कव्हरे, पाकिटे, फाइल यांसाठी मिळणारे रेक्झिन बहुधा पीव्हीसीचे असते, आणि पीव्हीसी जाळले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्राच्या रुळांना व स्क्रूंना काही दिवसांत गंज चढवतो. ग्राहक ‘लेदर आहे’ म्हणाला तरी खात्री करून घ्यावी. तांब्याची तार उघड्या हवेत, ज्वालेत रंग येईनासा होईपर्यंत तापवावी, तिने वस्तूच्या कडेला किंचित स्पर्श करावा आणि तार पुन्हा ज्वालेत धरावी. ज्वाला हिरवी झाली तर क्लोरीन आहे. खऱ्या चामड्यातही बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेले घ्यावे, क्रोमने कमावलेले टाळावे. पॉलीकार्बोनेट पिवळे पडून पेटते, तेही घेऊ नये.

प्रत्येक नव्या वस्तूसाठी एका तुकड्यावर आडवा वेग आणि उभी पॉवर अशी चौकटींची जाळी कोरून ठेवावी, आणि तुकड्याच्या मागे पेन्सिलने तारीख, पाण्याचे तापमान आणि लेन्स कधी पुसली हे लिहावे. दुसऱ्याच्या यंत्राचे आकडे मागून घेण्यापेक्षा हे तुकडे उपयोगी पडतात.

अडचण येते ती तुकडा नसतो तेव्हा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई ही देवी बसते, आणि त्याआधीच्या पंधरवड्यात लोक घरातला जुना पाट किंवा चौरंग घेऊन त्यावर कुळाचे नाव कोरून मागतात. तो पाट एकच असतो, आजीच्या काळातला असतो, त्यावर तेल-तुपाचे कित्येक थर मुरलेले असतात आणि लाकूड कोणते हे घरच्यांनाही ठाऊक नसते. अशा वेळी मी पाट उलटा करतो, पायाच्या खिळ्याजवळच्या कोपऱ्यात, जिथे कोणाची नजर जात नाही, दहा मिलिमीटरचे चार चौकोन कोरतो, ते ओल्या फडक्याने पुसून उन्हात नेऊन पाहतो, ग्राहकाला दाखवतो, आणि त्यांनी बोट ठेवलेल्या चौकोनाच्या आकड्यांवरच वरच्या बाजूचे काम लावतो.